रत्नम्मा मांडायच्या ती ताटं

मित्रांनो, मी शाळेतलं खिचडीचं भगोणं आहे. आता बरंच जुनं झालेलं. माझा तळ काळा पडला आहे आणि एक कान वाकडा झाला आहे.

देगलूर तालुक्यातल्या एका लहान गावाने वर्गणी करून मला विकत घेतलं. बाजारात भांड्यांवर नावं घालणाऱ्या जिलानीचाचांनी माझ्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलं, ‘जि. प. शाळा, ६० मुलं’. पैसे घेतले नाहीत. शाळेच्या भांड्याचे कसले पैसे, असं म्हणाले.

आमच्याकडे स्वयंपाकाला रत्नम्मा होत्या. माझ्या काठावर त्यांनी पळी आपटली की साठ लेकरं पळत यायची. ते दिवस चांगले होते. लेकरं मला पुसून-पुसून खायची.

मग वर्गाचं छत गळू लागलं. गुरुजींनी अर्ज केले. शाळेला वर्षाला मिळणारं अनुदान पटावर ठरतं, म्हणजे मुलं जितकी तितकं. छत गळतं म्हणून काही आईबापांनी लेकरं काढली आणि पिवळ्या गाडीने देगलूरच्या इंग्रजी शाळेत पाठवली. पट उतरला, तसं अनुदानही उतरलं. छत तसंच राहिलं, म्हणून आणखी लेकरं गेली. चाळीस झाली, मग सत्तावीस. शेवटी नऊ उरली.

नऊ जणांचा तांदूळ माझ्या तळालाच चिकटून बसायचा. पळी आपटली की रिकाम्या अंगात आवाज घुमायचा आणि व्हरांड्यात पुष्कळ पावलं वाजल्यासारखी वाटायची. यायची मात्र नऊच. रत्नम्मांनाही ती पावलं ऐकू येत असावीत, कारण त्या रोज आधीच्या पटाप्रमाणे सत्तावीस ताटं धुवायच्या आणि सत्तावीस मांडायच्या. गुरुजींनी दोनदा हटकलं, मग सोडून दिलं.

त्या नऊ जणांत दुसरीतली ऋतुजा होती. मुलांच्या आधी आळीपाळीने एका आईने खिचडीची चव घेऊन वहीत सही करायची, अशी शाळेची पद्धत आहे. ऋतुजाची आई सुकन्या तिचा वार नसला तरी यायची. घास तोंडात आणि नजर छताच्या भेगेवर. दुसरी जवळची शाळा नाल्यापलीकडे, तीन किलोमीटरवर. ही बंद झाली तर लेक त्या नाल्यातून जाणार, हे तिच्या डोक्यातून जात नसे.

मागच्या हिवाळ्यात एक साहेब शाळा बघायला आले. नेमकं जेवणाच्या वेळी. त्यांनी हजेरी पाहिली, ताटं मोजली, माझ्या काठावरचं नाव वाचलं. त्यांना वाटलं, इथे खोटी मुलं दाखवतात.

“बाई, लेकरं नऊ, ताटं सत्तावीस आणि भांड्यावर साठ. यातलं खरं कोणतं?”

रत्नम्मांनी पळी खाली ठेवली. “नऊच हायत साहेब. बाकीची यायची हायत.”

चव घ्यायला आलेली सुकन्या तिथेच उभी होती. वाटी खाली ठेवून ती पुढे झाली.

“साहेब, तांदूळ डोकी मोजून द्या, ते बरोबर हाय. पण छत काय डोकी मोजून गळतं का? नऊ लेकरांवर कमी गळतं?”

साहेबांनी वर पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. “माझ्याकडे फक्त मोजायचं काम आहे, ताई,” म्हणाला आणि नऊ लिहून गेला.

पट कमी म्हणून जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. मला टेंपोत घालून नाल्यापलीकडच्या शाळेत आणलं. तिथे स्वयंपाकाला दुसरी बाई होती, म्हणून रत्नम्मा घरीच राहिल्या. निघताना त्यांनी मला आतून पदराने पुसलं. ताटं मात्र त्यांनी कुणाला नेऊ दिली नाहीत.

इथे पट मोठा आहे. छत नवं आहे, पंखे आहेत. मी रोज काठापर्यंत भरतं. कुणी म्हणेल, भगोण्याला आणखी काय पाहिजे?

पण इथे आधी हजेरी होते, मग तांदूळ मोजतात. नाल्याला पाणी आलं की सुकन्या ऋतुजाला पाठवत नाही. गावाकडच्या काठावर लेकीचा हात धरून उभी राहते, पाणी उतरतं का बघते आणि परत फिरते. त्या दिवशी ऋतुजाच्या वाट्याचा तांदूळ माझ्यात पडतच नाही. वहीत सगळं बरोबर जुळतं. मी भरलेलं असतं, तरी पळी लागली की माझ्यातून तोच जुना पोकळ आवाज येतो.

मित्रांनो, मला घासा, जपा, एवढंच सांगून मी थांबलं असतं. पण तुमच्यातलं कुणीतरी मोठं होऊन शाळा मोजायला निघेल. त्याने मुलं जरूर मोजावीत. मग मान वर करून छतही बघावं. आणि आकडा लिहून झाला की लगेच वही मिटू नये. तिथे उभं राहून एकदा विचारावं, आज कोण आलं नाही?