रेघ

मोजणीबाईंचा हात शाईच्या बाबतीत आखडता. अकरा वर्षं त्या दर महिन्याला तळ्यावर जात, जाळी बुडवून ट्रेमध्ये पालथी करत आणि एकेक जीव मोजून वहीत लिहीत: गोगलगायी चाळीस, शिंपले बारा, चतुराच्या अळ्या नऊ. जे सापडलं नाही, तिथे एक बारीक आडवी रेघ. नसलेल्याला आणखी शाई कशाला?

वही कार्यालयात जायची. तिथे ती कॉम्प्युटरवर उतरवायचा त्यांचाच धाकटा दीर. ही नोकरी वहिनींनीच शब्द टाकून मिळवून दिलेली. दोघं रोज समोरासमोर बसून जेवायचे, पण वहीचा विषय कधी निघाला नाही. कामाची कटकट घरात आणायची नाही, हा नियमही वहिनींचाच.

गिरणीचं सांडपाणी तळ्यात यायला लागून सहा वर्षं झाली होती. पाइप दुसरीकडे वळवा, असा अर्ज बाईंनी तीनदा केला. तिसऱ्यांदा उत्तर आलं: आकडेवारीनुसार तळं सुस्थितीत आहे, सबब कारण दिसत नाही.

बाईंनी छापील तक्ता मागवला. मागच्या महिन्यात शिंपले बारा. त्याच्या आधी बारा. चार वर्षं बाराच.

"भाऊजी, हे बारा आले कुठून?"

"तुमच्याच वहीतून. रेघ होती ना."

"रेघ म्हणजे नाही."

दिराचा घास हातातच राहिला. "आमच्याकडे रेघ म्हणजे वरीलप्रमाणे, वहिनी. मला वाटलं, तेच ते लिहायचा तुम्हाला कंटाळा आला."

"चार वर्षं एक शिंपला इकडचा तिकडे नाही. नवल नाही वाटलं?"

"वाटलं. म्हटलं, गुणाचे दिसतायत."

पुढचे दोन रविवार दीर कार्यालयात जाऊन बसला. रेघ तिथे शून्य, असा सगळा तक्ता त्याने दुरुस्त केला. चौथा अर्ज गेला. या वेळी उत्तर आठवड्यात आलं, एवढी तत्परता त्या खात्याने कधी दाखवली नव्हती: तळ्यात वाचवण्याजोगं काही उरलेलं नाही, सबब पाइप वळवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मोजणीही या महिन्यापुरतीच.

शेवटच्या मोजणीला दीर ट्रे धरायला आला. जाळी तीनदा बुडाली. काळा गाळ आला आणि बाटलीचं एक बूच.

बाईंनी 'शिंपले'पुढे या वेळी अक्षरात लिहिलं: नाही. मग वही त्याच्याकडे दिली.

"आणि बाकीचे, वहिनी?"

"वरीलप्रमाणे."

तरीही त्याने प्रत्येक ओळीत पुरा शब्द लिहिला. तेवीस ओळी होत्या. अक्षर सुरेख होतं.