नोराच्या उजव्या हाताची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. दचकू नका, मंत्र्याची नव्हे. अमेरिकेतल्या रेडमंडच्या एका पबमधली, एका पायाने अधू, साधी लाकडी खुर्ची. पण मान माझा मोठा होता.

त्या पबमध्ये दर रविवारी दुपारी वादक गोल करून बसत आणि आयरिश लोकधुना वाजवत. तिकीट नाही, स्टेज नाही. ज्याला येतं त्याने वाद्य घेऊन यावं आणि सामील व्हावं. पबचा मालक मानधन देई ते फक्त यजमानाला. यजमान होती नोरा, साठी उलटलेली फिडलवाली; फिडल म्हणजे व्हायोलिनच. तिच्या उजव्या हाताला मी, कायम रिकामी. "ही नवीन माणसाची," असं ती सगळ्यांना बजावायची. कुणी नवखा दारात घुटमळला की त्याला माझ्यावर आणून बसवायची, त्याला कोणती धून येते ते विचारायची आणि त्याला झेपेल त्या लयीत सगळ्यांना वाजवायला लावायची.

२००२च्या हिवाळ्यात निमिष आला. नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, लहानपणी व्हायोलिन शिकलेला. इतका अवघडून बसला की मीच करकरले. एकच धून येत होती, तीही अर्धी. नोराने ती अर्धीच सगळ्यांकडून तीनदा वाजवून घेतली. पठ्ठ्या घामाघूम झाला, पण पुढच्या रविवारी पुन्हा हजर!

२००६मध्ये नोराची बोटं आखडली. तिने यजमानपद निमिषला दिलं आणि इथेच माशी शिंकली.

"पैसे घेतो तर क्वालिटी पाहिजे ना यार," असं तो ऐकायला येणाऱ्या बायकोला, यामिनीला, सांगायचा. नोकरदार माणूस तो! त्याने तयारीचे वादक जमवले, लय वाढवली. टाळ्या पडू लागल्या. नवखे दारातूनच परत जाऊ लागले, आणि माझ्यावर त्याची लॅपटॉपची बॅग आली. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. बॅग चुळबुळ करत नाही.

एका रविवारी नोरा आली, फिडलची पेटी छातीशी धरून. तिने माझ्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं. निमिष डोळे मिटून वाजवत होता. दोन धुना होईपर्यंत ती भिंतीशी उभी राहिली आणि निघून गेली. मला हाक मारता आली असती तर!

"नोरा आली होती," बारवरच्या मुलीने नंतर सांगितलं. "जागा नाही म्हणून गेली."

"जागा नाही? ही काय इथे..." निमिषने माझ्याकडे बोट दाखवलं, तर समोर त्याचीच बॅग.

त्याने तिथूनच नोराला फोन लावला. मग यामिनीला म्हणाला, "रागावली नाही गं. म्हणाली, तुम्ही मस्त वाजवत होतात, मला झेपलं नसतं."

दुसऱ्या रविवारपासून बॅग खाली गेली, लयही उतरली. पण नवखे काही फिरकले नाहीत. नोरा मोंटानाला मुलीकडे राहायला गेली. २००८मध्ये पब बंद पडला, तेव्हा निमिषने मला मागून घेतलं.

आता रविवारी दुपारी तो हॉलमध्ये माझ्या शेजारी बसून तीच पहिली धून अगदी संथ वाजवतो.

"अरे, डुगडुगते ती. डोनेट करून टाक ना," यामिनी म्हणते.

"राहू दे," तो म्हणतो.

बाबांनो, तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बॅग असेल तर आधी ती खाली ठेवा. दारातली माणसं जागा मागत नाहीत. नोरानेही मागितली नाही, आणि मला तर तिनेच राखून ठेवलं होतं.