पैसे भरणाऱ्याचं नाव

२०२३ सालची दिवाळी नुकतीच उरकली होती. धायरीच्या फ्लॅटमध्ये वासंतीबाईंनी टेबलावरचे चिवड्याचे डबे बाजूला सारले, सुनेचा लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि तिच्याकडे पाठ करून बसल्या.

"ओटीपी कुणाला दाखवायचा नसतो," त्या म्हणाल्या. "सुनेलाही नाही."

उत्कर्षा हसली. आठवडाभर घरात तिच्या ऑनलाइन कोर्सचाच विषय होता. ती सॉफ्टवेअर इंजिनिअर होती. तिच्या टीममधल्या दोघांना नुकतंच घरी बसवलं होतं आणि पुढचा नंबर आपला, हे तिला दिसत होतं. नवं काही शिकल्याशिवाय दुसरीकडे कुणी घेणार नव्हतं. कंपनी फी भरायला तयार होती, पण मग दोन वर्षं नोकरी सोडणार नाही असं लिहून द्यायचं. हप्त्यांनी भरावी, तर फ्लॅटचे हप्ते चालूच होते. तिचा नवरा सौमित्र म्हणत होता, कंपनीचे घे, फुकट आहेत.

"दावणीच्या म्हशीलाही पेंड फुकटच असते," वासंतीबाई मुलाला म्हणाल्या होत्या आणि पेन्शनच्या खात्याचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं होतं. सासूचे पैसे घेणं उत्कर्षाला जड गेलं. नवी नोकरी लागली की परत करीन, या बोलीवर ती कबूल झाली.

वासंतीबाईंची सगळी नोकरी एका कॉलेजात, फीच्या खिडकीमागे गेली. जूनमध्ये रांग थेट फाटकापर्यंत जायची. कुणाचे मामा फी भरायला यायचे, कुणाची नोकरी करणारी बहीण यायची. बाई मान वर न करता विचारायच्या, "पैसे कोण भरतंय?" पावतीवर पहिलं नाव त्याचं. आताही फॉर्मच्या पहिल्या चौकटीत त्यांनी सवयीने स्वतःचं नाव घातलं.

पुढे रोज कोर्स उघडला की पडद्यावर 'वेलकम, वासंती' असं यायचं. उत्कर्षा स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगायची, "आई, तुमची हजेरी लागली." दोघी हसायच्या. त्याचा पुढे काही अर्थ होईल, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

उन्हाळ्यात कोर्स संपला आणि प्रमाणपत्र आलं. त्यावर नाव होतं वासंती माधव आगटे. खराडीच्या एका कंपनीतली मुलाखत चार दिवसांवर होती. कोर्सवाल्यांनी कळवलं, नाव बदलता येणार नाही. उत्कर्षाने लॅपटॉप मिटला आणि वाळलेले कपडे घड्या घालायला घेतले.

वासंतीबाई तिच्याशेजारी बसल्या. एक टॉवेल उचलला, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"माझ्यामुळे तुझं नुकसान झालं," त्या म्हणाल्या.

"शिकले तर मीच ना, आई," उत्कर्षा म्हणाली. "जाऊन तर येते."

मुलाखतीत तिने आपण होऊन सगळं सांगितलं. समोरची माणसं आधी हसली, मग तो कागद बाजूला ठेवून त्यांनी तिला एक काम करायला दिलं. ते संपेपर्यंत दुपार टळली होती.

खराडीची ती नोकरी उत्कर्षाला लागली, ती अजून तिथेच आहे. सासूचे पैसे तिने फेडले. सौमित्रच्या ऑफिसने पुढच्याच वर्षी त्याला कोर्स करायला सांगितलं, तेव्हा त्याने फी स्वतःच्या खिशातून भरली आणि फॉर्म दोनदा वाचला.

वासंतीबाई दुपारची झोप झाली की लॅपटॉप उघडतात. त्याच कोर्सचा पहिला धडा त्यांनी तीनदा पाहिला. आता पाचव्यावर आहेत. सौमित्रने प्रमाणपत्राला फ्रेम करून आणली होती. ती त्यांनी कपाटात साड्यांखाली ठेवली आहे.

"माझ्या नावावर आहे," त्या म्हणतात, "पण मला येत नाही ना अजून."