घाटाच्या वाटेचं तिकीट

उघडी आहे अजून, तोवर बोलून घेते. मी तिकीटखिडकी. तुम्ही ज्याला परदेश म्हणाल, तिथल्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका स्टेशनातली. आम्ही तिघी बहिणी होतो. दोघींना फळ्या ठोकल्या आणि त्यांच्यापुढे तिकिटाची यंत्रं आणून उभी केली. मी राहिले. का राहिले, म्हणून विचारणारे पुष्कळ भेटतात. राहिले! काय म्हणणं आहे?

एका सुताराने मला घडवलं. जाड लाकडाची चौकट, तशीच जाड काच, काचेत बोलण्यापुरतं गोल भोक, खाली तिकीट सरकवायला पितळी खाच आणि आतून ओढायचं शटर. लाकूड अजून ठणठणीत आहे. कुणी मला जुनीपुराणी म्हणालं की माझी काच तापते.

माणसं मी भरपूर पाहिली. परक्या मुलखातून एकटा आलेला प्रवासी तर लांबूनच ओळखू येतो. आपली भाषा समोरच्याला समजत नाही म्हटल्यावर तो तीच भाषा मोठ्याने बोलतो, जसं काही समोरचा बहिरा आहे. तिकीट हातात पडलं की चार पावलं जातो, उलटसुलट करून बघतो आणि परत येऊन विचारतो, "हेच ना?" मला ही माणसं आवडतात. चुकतात, घाबरतात, पण आपलं तोंड आपण उघडतात.

आत्याबाई अशाच आल्या. थंडीचे दिवस होते. साठी उलटलेली बाई, पाठीला सॅक, खांद्याला पिशवी, डोक्याला मफलर, सोबत कुणी नाही. नाव मला माहीत नाही. फोनवरून भाचा सारखा "आत्या, आत्या" करत होता, म्हणून मीही आत्याबाईच म्हणते. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे भाचा अख्ख्या रांगेला ऐकू जात होता. कळत मात्र मला एकटीलाच होतं. जगभरच्या भाषा माझ्या काचेला तोंड लावून बोलून गेल्यात, मला कुठली कळणार नाही?

"आत्या, तुझं तिकीट मी काढून टाकलंय. फोनवर आलंय बघ. बोगद्यातली फास्ट गाडी, पहिला वर्ग! तू फक्त जाऊन बस."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"अगं, सरप्राइज! ती घाटातली गाडी किती रखडते माहितेय? केवढा वेळ वाचला तुझा."

"वाचवून काय करू? लोणचं घालू?"

मला इतकं हसू आलं की काच थरथरली. भाचा वाईट नव्हता हो. आत्या एकटी परदेशात फिरतेय म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता. पण काळजी करणाऱ्यांची एक खोड असते. विचारायचं सोडून ते करूनच मोकळे होतात.

मग आत्याबाईंनी त्याला सुनावलं, आणि मला सगळा उलगडा झाला. शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. सगळी नोकरी त्यांनी ह्याच डोंगरातली रेल्वे फळ्यावर काढण्यात घालवली. आधी तळं, मग घाटातले वळसे, मग खिंड. दर वर्षी कुणीतरी पोर विचारायचंच, "बाई, तुम्ही पाहिलीय का?" दर वर्षी त्या म्हणायच्या, "नाही."

"आणि आता इथवर येऊन मी त्या डोंगराच्या पोटातून, अंधारातून जाऊ?" आत्याबाईंचा आवाज चिरकला. "उद्या माझं विमान आहे. आज गेले नाही, तर राहिलंच ते!" त्यांनी फोन बंद केला आणि पिशवीत कोंबला.

आता अडचण माझ्या आतल्या बाजूची. माझ्यामागे बसतात ते मिशीवाले. माणूस सज्जन, पण जेवणाची सुट्टी म्हणजे सुट्टी. त्यांची भाषा आत्याबाईंना येईना, आत्याबाईंची त्यांना येईना. पलीकडच्या शहराचं नाव घेतलं की कॉम्प्युटर एकच गाडी दाखवायचा, बोगद्यातली. आत्याबाई मानेने नको म्हणायच्या. मिशीवाले पुन्हा तीच दाखवायचे. शेवटी आत्याबाईंनी हात उंच करून डोंगर दाखवला. मिशीवाल्यांना वाटलं, बाई निरोप घेतेय. त्यांनीही हसून हात हलवला आणि जेवायला उठत शटर खाली ओढलं. घाटाची गाडी दिवसातून एकच, आणि ती यायची वेळ होत आली होती.

खरं सांगू? मी अडले. मुद्दाम अडले. शटर अर्ध्यावर धरून ठेवलं. मिशीवाल्यांनी ओढलं, झटकलं, एक सणसणीत शिवी हासडली. मी हलले नाही. म्हटलं, बस बोंबलत!

तेवढ्यात आत्याबाई वाकल्या. माझ्या काचेवर त्यांनी "हाऽ" करून वाफ सोडली आणि त्या वाफेत बोटाने नकाशा काढायला लागल्या. बोट उचललं नाही. तळं, काठावरचं हे स्टेशन, पहिला वळसा, दुसरा वळसा, वर खिंड, खिंडीतला पूल. वाफ उडायला लागली की पुन्हा "हाऽ". आजवर माझ्यावर टकटक करणारे हात पडले, आपटणारे पडले. असं प्रेमाने काही काढणारा हात पडला नव्हता. भर स्टेशनात मी फळा झाले हो! रांगेतले लोक घड्याळ बघायचे सोडून मला बघायला लागले. एकाने तर पुढे होऊन दुसऱ्या वळशाकडे बोट दाखवलं. आत्याबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने मुकाट्याने हात खिशात घातला.

आतून मिशीवाल्यांना सगळं उलटं दिसत होतं. त्यांनी मान वाकडी केली, बोटाने हवेत ते वळसे पुन्हा घेतले, आणि मिशीतल्या मिशीत हसले. शटर सोडून ते खुर्चीत बसले. कॉम्प्युटर एका तिकिटात तो रस्ता देईना, म्हणून त्यांनी दोन काढली. एक खिंडीतल्या स्टेशनापर्यंत, दुसरं तिथून पलीकडे. पितळी खाचेतून दोन्ही सरकवली. आत्याबाईंनी ती छातीशी धरली. डोळ्यांत पाणी होतं, पण मान ताठ.

पिशवीतला फोन वाजला. त्यांनी उचलला. भाचा रडकुंडीला आला होता. "आत्या, कुठे आहेस? तुझी गाडी सुटली!"

"ती तुझी होती," आत्याबाई म्हणाल्या. "माझी आत्ता येतेय. आणि घाटात रेंज नसते. संध्याकाळी बोलू."

गेल्या. खिंडीत ऊन होतं की धुकं, पूल दिसला की नाही, मला काय ठाऊक? मी भिंतीत बसवलेली. गाडी सावकाश निघाली आणि डोंगराच्या बाजूला वळली, एवढं ऐकलं मी. त्या दिवशी मला कुणी जुनीपुराणी म्हणालं असतं ना, तरी मनावर घेतलं नसतं.

आता साहेब लोक येऊन मला मोजून गेलेत. इथे कॉफीचं यंत्र बसवायचं म्हणे. बसवा! पण आधी मला भिंतीतून काढावं लागेल, आणि मी सुखासुखी निघणारी नाही, हे आताच सांगून ठेवते.

तुम्हाला एकच सांगणं आहे. परक्या मुलखात निघालात की घरचं कुणीतरी मायेने म्हणेल, "राहू दे, मी काढतो तुझं तिकीट." त्याला प्रेमाने गप्प बसवा. स्वतः रांगेत उभे राहा. भाषा येत नसेल तर हातवारे करा, हसं झालं तर होऊ द्या. या माझ्यासमोर आणि सांगा त्या मिशीवाल्यांना, कॉम्प्युटरला काय दिसतं ते नको, मला काय बघायचंय ते ऐका.

बोला, कुठे जायचंय?