नखांची ढाल

मित्रांनो, मी एक खवले मांजर आहे. नावात मांजर असलं, तरी मांजराशी माझं काही सोयरसुतक नाही. माझ्या तोंडात एकही दात नाही. लांब, चिकट जिभेने मुंग्या आणि वाळवी टिपते, हेच माझं जेवण. अंगावरचे खवले मात्र चांगले टणक आहेत. तुमची नखं ज्याची बनतात, त्याचेच ते बनलेले.

लहानपणी आईच्या शेपटीवर बसून मी रान पाहिलं. संकट आलं की आई मला पोटाशी घेऊन अंगाचा गोळा करायची. बिबट्यासुद्धा खवल्यांवर दात घासून कंटाळायचा आणि निघून जायचा. पण माणूस कंटाळत नाही. एकदा दोन भावांनी आमच्या बिळात धूर कोंडला. आईने मला कवटाळलं आणि ती गोळा होऊन पडली.

धाकटा म्हणाला, "ना चावतं, ना पळतं. उचल आणि टाक पोत्यात."

त्यांच्या स्वयंपाकघरात खवले सोलण्यासाठी पातेलंभर पाणी उकळत होतं. दोघे सुरीला धार लावायला मागच्या दारी गेले. थोरल्याची बायको नुकतीच बाळंत झाली होती. तिने पोत्याचं तोंड उघडलं. धुराने गुदमरलेली आई केव्हाच थंड पडली होती. तिच्या कुशीतून माझं नाक तेवढं हललं. बाईने मला ओढून बादलीत ठेवलं आणि वर ओली दुपटी टाकली. दारात धाकटा आडवा आला. बादलीत काय आहे, असं त्याने विचारलं.

"बाळाची दुपटी आहेत, भावोजी. धुता का?"

तो नाक मुरडून बाजूला झाला. बाई तडक जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाईंनी मला थेंबथेंब दूध पाजलं. पुढे वाटीतलं काही मी खाईना, म्हणून त्या रोज माझ्यामागून वारुळं धुंडाळत हिंडल्या. कोंडून ठेवलं तर ही झुरून मरेल, असं त्या म्हणायच्या. मी मोठी झाल्यावर त्यांनी माझ्या एका खवल्याला, मी कुठे आहे ते सांगणारं छोटं यंत्र लावलं. तसंच यंत्र लावून माझ्यासोबत एका नरालाही रानात सोडलं.

बाईने विचारलं, "आता सुखरूप राहील ना?"

डॉक्टरीणबाईंनी माझं यंत्र पुन्हा एकदा तपासून पाहिलं.

काही आठवड्यांनी त्या नराचं यंत्र एका दगडाखाली सापडलं. ते व्यवस्थित चालू होतं. खवला मुळापासून कापलेला होता.

मित्रांनो, आमच्या खवल्यांनी दुखणं बरं होतं, असं कुणी म्हणालं, तर त्याला स्वतःची नखं कुरतडून बघायला सांगा. आणि कुठे आमचा माग काढणारं कुणी दिसलं, तर गप्प बसू नका. आम्हाला ओरडता येत नाही. वर्षाकाठी एकच पिल्लू होतं आम्हाला. माझं आत्ता शेपटीवर बसलं आहे. गेले काही दिवस आमच्या वारुळाभोवती बुटांचे ताजे ठसे उमटताहेत, आणि डॉक्टरीणबाई तर चपला घालतात.