पोटावरची फुली

या, असे पुढे सरकून बसा. सतरंजीवर जागा आहे. आज अभंगाचं निरूपण नाही. आपल्या कवठ्याच्या म्हस्कूआबाची गोष्ट सांगतो. पुराणातली नव्हे, माझ्या डोळ्यांदेखत घडलेली.

मी खंडू, आबाचा शेजारी. सप्ताहात विणेच्या पहाऱ्याला आबानंतर माझा नंबर असे. तुम्हाला ठाऊकच आहे, सप्ताहाचे सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. मध्ये जमीन नाही, खुंटी नाही. आबाचे वाडवडील मेंढरं राखत रानोमाळ हिंडलेले, त्यामुळे उभं राहणं त्याच्या रक्तातच होतं. दोन तास असा उभा राहायचा की पायाखालची मुंगीसुद्धा हलू नये.

मग त्याला आतड्याचं दुखणं लागलं. मोठ्या आतड्याला आतून व्रण. दिवसातून पंधरा-वीस वेळा रानात पळायचं, त्यात रक्त. सत्त्याण्णवच्या सप्ताहात मी शिरूरला कांदा घेऊन गेलो होतो आणि माझी एसटी चुकली. चार वाजता मी देवळात हवा होतो, पोचलो पावणेपाचला. तेवढ्यात आबाला कळ आली. जवळ वीणा घेणारं कुणी नव्हतं. खाली ठेवली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. पण त्यानं ठेवली नाही. मी आत आलो तेव्हा तो भिंतीला पाठ लावून उभा होता, डोळे मिटलेले, धोतर खराब झालेलं, आणि बोट तारेवर चालू.

त्या दिवसापासून आबानं विणेला हात लावला नाही. मला मात्र एका शब्दानं बोलला नाही. तेच मला जड गेलं.

पुढच्या वर्षी मी त्याच्याबरोबर पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, मोठं आतडं सगळं काढावं लागेल. लहान आतड्याचं तोंड पोटावर आणून बसवायचं, त्यावर पिशवी. आता जन्मभर तीच वाट.

"म्हंजी पोटाला मोरी बांधून फिरू?" आबा म्हणाला. "त्यापरीस हाय तसा जाऊ द्या मला."

त्याची बायको गिताबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. ती म्हणाली, "जायचं आसंल तर जावा. पर आधी मला सांगा, तुमच्यामागं मी कुनाशी भांडू?"

आबानं सही केली. दोन बाटल्या रक्त चढवलं. अन्न बंद, नुसतं पातळ, आणि आतडं धुऊन काढणारं एक खारट औषध. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी ललिता नावाची सिस्टर आली. घाईत होती. तिनं आबाच्या पोटावर बेंबीच्या उजवीकडे काळ्या शाईची फुली काढली आणि गेली.

दुपारी परत येऊन बघते तर फुली गायब. आबानं न्हाणीत जाऊन साबण लावून घासघासून काढली होती. कातडी लालभडक झालेली.

"आबा, काय केलंत हे? डॉक्टरांना उद्या जागा कशी कळणार?"

आबा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "बाई, आमच्यात खाटीक कळपात येतो. जे मेंढरू पसंत पडंल, त्याच्या पाठीवर रंगाची फुली मारतो. मग त्या मेंढराला पानी पाजत्यात, पर नावानं हाक मारत न्हाईत."

सिस्टरनं स्टूल ओढलं आणि ती बसली. तिची घाई कुठं गेली कोण जाणे.

"ही कापायची खूण नाही, आबा. पिशवीची जागा आहे. तुम्ही उठता, बसता, वाकता, धोतर नेसता, तिथं ती दबू नये म्हणून आधी ठरवतात. मी विचारायला हवं होतं, चुकलं माझं. सांगा, दिवसभर काय काय करता?"

"खुरपनी. पिकाला पानी द्यायला दारं धरनं. मांडी घालून जेवनं."

"आणखी?"

मीच म्हणालो, "सिस्टर, ते सप्ताहात वीणा घेऊन उभे राहत होते."

"राहत होतो," आबा म्हणाला. "आता ते सरलं."

"कशी धरता? दाखवा मला."

माझी छत्री झाली विणेची दांडी आणि दवाखान्याची उशी झाली भोपळा. आबा खाटेशेजारी उभा राहिला. दांडी डाव्या खांद्याकडे, भोपळा उजव्या कमरेवर. शेजारचे पेशंट हसले. सिस्टर हसली नाही. तिनं वाकून नीट पाहिलं.

"भोपळा बरोबर माझ्या फुलीवर येतोय," ती म्हणाली. "असंच केलं असतं तर तुम्हाला कधीच उभं राहता आलं नसतं."

तिनं डॉक्टरांना बोलावून आणलं. ते म्हणाले, सहसा उजवीकडे करतो, पण डावीकडे जमवू. मग तिनं आबाला मांडी घालायला लावली, वाकायला लावलं, धोतर नेसायला लावलं, आणि डावीकडे, धोतराच्या काठाच्या थोडं वर, नवी फुली काढली. ती आबानं पुसली नाही.

ऑपरेशन झालं. घरी आल्यावर महिनाभर आबानं पोटाकडं पाहिलं नाही. गिताबाईच सगळं करी. माप घेऊन पिशवीच्या चिकट चकतीला भोक कापायचं, कातडी कोरडी करायची, मग चिकटवायचं. एकदा भोक मोठं कापलं गेलं तर भोवतीची कातडी सोलून निघाली. आबा कळवळला, ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा कात्री घेऊन बसली.

"बघा तरी," ती म्हणायची, "कोकराच्या जिभंसारखं हाय. तांबडं, वलं. घान न्हाई वो त्यात."

हळूहळू आबा स्वतः शिकला. पिशवी अर्धी भरली की रिकामी करायची. मीठ घातलेलं ताक प्यायचं. शेंगदाणे बारीक चावायचे, नाहीतर अख्खेच्या अख्खे बाहेर. रानात जाऊ लागला, खुरपू लागला. देवळात मात्र पायरीच्या वर चढेना. कीर्तन बाहेरून ऐकायचा.

चैत्रात सप्ताह आला. पहाऱ्याची यादी हौसरावआप्पा करीत. ते आबाच्या ओट्यावर आले, टोपी मांडीवर ठेवून बसले.

"म्हस्कू, तुझं नाव टाकावं असं मला वाटतंय. पर लोक बोलत्यात. पोटाला घान बांधून देवापुढं..."

आबानं मान खाली घातली. आतून गिताबाई चहा घेऊन आली.

"आप्पा, येक इचारू? तुमच्या पोटात काय गुलाबपानी हाय व्हय?"

आप्पांच्या हातातली बशी तशीच राहिली. मग ते इतके हसले की ठसका लागला. डोळे पुसत म्हणाले, "न्हाई गं बाई. तेच हाय. फकस्त दिसत न्हाई." आणि आबाला म्हणाले, "परवा दोन ते चार. आंघूळ करून, पिशवी बदलून ये."

मी त्या दिवशी एक वाजताच देवळात जाऊन बसलो. आबानं वीणा गळ्यात घेतली. भोपळा उजव्या कमरेवर टेकला, डावी बाजू मोकळी. साडेतीनच्या सुमारास भजन संपून क्षणभर शांतता झाली आणि त्याच शांततेत त्याच्या पोटातून आवाज आला. मागं दोघीतिघी हसल्या. आबाचा चेहरा उतरला. मी उठलो, हात पुढे केले.

तो मला हळूच म्हणाला, "बस, खंडू. आजून येळ हाय माझा."

चार वाजता त्यानं वीणा माझ्या गळ्यात घातली. पट्टा त्याच्या घामानं ओला होता. मग तो सावकाश देवळामागं गेला, आपलं काम उरकून, हातपाय धुऊन आला आणि पुढच्या रांगेत बसून टाळ वाजवू लागला.

त्यानंतर आबा नऊ सप्ताह उभा राहिला. आता तो नाही. त्याला आठवणारे गावात पुष्कळ आहेत. पण ती सिस्टर कुठली, आडनाव काय, आम्ही कुणीच विचारलं नाही. तिनं आबाला खरी वीणा घेतलेलं कधी पाहिलंही नाही. म्हणून एवढंच मागणं आहे. उद्या पहाऱ्याला उभे राहाल तेव्हा देवाच्या नावाबरोबर एकदा ललिताबाईचं नाव घ्या.