आत किती, बाहेर किती

सर्जन कितीही मोठा असला, तरी शेवटचा टाका घालण्याआधी त्याला सिस्टरच्या तोंडाकडे बघावं लागे. आत रक्त टिपायच्या कापडाच्या, म्हणजे गॉजच्या, किती घड्या गेल्या आणि किती बाहेर आल्या, हे ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलेलं असे. सिस्टर स्वतः मोजून "बरोबर" म्हणाली की मगच पोट शिवायचं, असा शिरस्ता. अकरा वर्षं तो शब्द तिने इतका जपून वापरला होता, की घरी भाजीत मीठ बरोबर आहे का असं विचारलं तरी ती आधी दुसरा घास घ्यायची.

गणती चुकली तर मात्र तिच्या थिएटरमध्ये कोणी कोणावर ओरडायचं नाही. हा नियम तिनेच बसवलेला. फार पूर्वी एका तापट सर्जनच्या धाकाने एका नव्या नर्सने चुकलेली गणती बरोबर आहे म्हणून सांगून टाकली होती. ती घडी नशिबाने बादलीच्या मागे सापडली. पेशंट वाचला, पण सिस्टरला महिनाभर धड झोप लागली नव्हती. माणूस घाबरला की खोटा आकडा सांगतो, हे तिला त्या दिवशी कळलं ते कायमचं. चुकलेल्या गणतीची नोंद करायला एक वही होती आणि तिच्यात शेवटचा रकाना होता, 'चूक कोणाची'. त्या रकान्यात सिस्टर दर वेळी आडवी रेघ ओढायची.

"हे कोरं का ठेवता?" असं मेट्रनने एकदा विचारलं.

"वस्तू सापडली ना? मग माणूस कशाला शोधायचा?" सिस्टर म्हणाली, आणि वही मिटली.

तर अशी ही बाई. घरी तिची पंधरा वर्षांची लेक, आणि सासूबाई. नवरा बोटीवर इंजिनिअर, सहा-सहा महिने पाण्यावर. लेकीलाही पाण्याचंच वेड, म्हणून आजीने तिचं नाव बेडकी ठेवलेलं, आणि खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत उरलेलं. रविवारी पोहण्याच्या निवडीची शर्यत होती. पहिल्या सहा जणींचा संघ होणार होता. आणि गुरुवारी दुपारी बेडकी शाळेतून आली ती तोंड पाडूनच.

"आली," ती म्हणाली. "नेमकी आत्ताच यायची होती हिला."

एरवी त्या दिवसांत ती तलावाच्या काठावर टॉवेल पांघरून बसायची आणि बाकीच्या मुलींची वेळ लावायची. या खेपेला काठावर बसून चालणार नव्हतं. सिस्टर उठली, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेली आणि पाळीत पॅडऐवजी आत बसवायच्या सोळा टॅम्पॉनचा डबा घेऊन आली. त्यातलाही सगळ्यात कमी शोषणारा. जेवढ्यास तेवढा वापरायचा, उगाच मोठा नको, हे तिने दुकानातच ठरवलं होतं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने एक टॅम्पॉन उघडला आणि पाण्याच्या ग्लासात सोडला. तो फुगला, आणि ओढून काढायचा त्याचा दोरा ग्लासाबाहेर लोंबत राहिला. तिघी बघत राहिल्या.

"आत हरवला तर?" बेडकीने विचारलं.

"हरवायला आत जागाच नाही. वर गर्भाशयाचं तोंड असतं, त्याचं भोक टाचणीच्या डोक्याएवढं. रस्ता तिथे संपतो. वर सरकेल, आडवा होईल, पण पोटात फिरायला जाणार नाही."

"आणि दोरा तुटला तर?"

"दोरा इकडे दे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले होते. त्यांनी ग्लासातून टॅम्पॉन काढला, दोरा बोटाला गुंडाळून दोन हिसके दिले, आणि उजेडात धरून पाहिला. "पक्का आहे. आरपार शिवलाय, नुसता चिकटवलेला नाही."

"लघवीला जाताना काढायचा का?"

"नाही. ती वाट वेगळी, ही वाट वेगळी. दोरा तेवढा बाजूला धरायचा."

"वेगळी?" सासूबाईंनी हातातला कप खाली ठेवला. ही बातमी त्यांना एकाहत्तराव्या वर्षी कळत होती. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सूनबाई, एक विचारू? कुमारी मुलीने हे वापरलं तर... म्हणजे पुढे कोणी काही..."

"अहो आई, कौमार्य म्हणजे काही बाटलीचं सील नव्हे. तो पडदा मुळातच उघडा असतो, थोडा ताणतो. पोहताना, सायकल चालवतानाही ताणतो. त्यावरून कोणाचं काही ठरत नाही."

"सायकल चालवताना?" सासूबाई एकदम उसळल्या. "म्हणजे माझ्या बापाने मला जन्मभर सायकलला हात लावू दिला नाही, तो उगाचच?"

बेडकी हसता हसता खुर्चीवरून घसरली. सिस्टरलाही हसू आलं, पण ती पुढचं सांगायची थांबली नाही. आधी हात धुवायचे, नंतरही धुवायचे. चार ते सहा तासांनी बदलायचा, आठाच्या वर कधीच नाही. एका वेळी एकच. रात्री पॅड. पोहून आलं की दोरा ओला होतो, म्हणून लगेच बदलायचा. वापरलेला कागदात गुंडाळून टोपलीत टाकायचा. आणि एकदम ताप भरला, उलट्या झाल्या, चक्कर आली, अंगावर लाल पुरळ उठलं, तर असेल तो काढायचा आणि तडक दवाखान्यात जाऊन टॅम्पॉन वापरत होते असं सांगायचं.

"कारण?"

"एक विषबाधा होते. फार क्वचित होते, लाखात एखादीला. पण झाली तर थांबत नाही, म्हणून आपण आठ तासांच्या आत थांबायचं."

मग तिने न्हाणीघराच्या दाराला आतून एक छोटा पांढरा फळा टांगला. वेळ लिहायला दोन रकाने, 'आत' आणि 'बाहेर'. शेजारी दोरीला बांधलेलं पेन.

"आई, हे काय ऑपरेशन आहे का?"

"जे आत जातं ते लिहायचं," सिस्टर म्हणाली. "बाकी मला काही माहीत नाही."

गुरुवारचा सराव झकास झाला. फळ्यावर लिहिलं गेलं: आत चार, बाहेर साडेसात. शेजारी एक हसरी बेडकीही काढलेली होती.

शुक्रवारी सिस्टर एका लांबलेल्या ऑपरेशनवरून आली. पाय सुजलेले, पोटात सकाळपासून दोन बिस्किटं. न्हाणीघरात गेली आणि फळा वाचला. आत सकाळी सहा. बाहेर दुपारी चार. दहा तास! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच बाहेर, जेवायला बसलेल्या बेडकीसमोर आली.

"तुला मोजता येत नाही का गं? काय सांगितलं होतं मी? कान कुठे होते तुझे?"

"प्रॅक्टिकल होतं," बेडकी म्हणाली. "मॅडम बाहेर सोडत नव्हत्या."

"मग मॅडमना सांगायचं! लाज वाटते? लाजेने माणसं मरतात, कळतं का? परत एकदा असं झालं ना, तर रविवारची शर्यत विसर. मी स्वतः कोचबाईंना फोन करेन, की हिला पाण्यात उतरवू नका."

"अगं, पुरे," सासूबाई म्हणाल्या. बेडकी ताटावरून उठली.

शनिवारपासून फळा कसा अगदी बघण्यासारखा झाला. सहा ते साडेअकरा. साडेअकरा ते पाच. अक्षर वळणदार, आकडे शहाण्यासारखे. हसरी बेडकी पुसली गेली होती. सिस्टरने ते पाहिलं आणि मनात म्हटलं, ओरडल्याशिवाय पोरं ऐकत नाहीत हेच खरं. थिएटरमध्ये असा विचार तिच्या मनाला शिवला नसता. पण घरात आलं की माणूस चपलांबरोबर अक्कलही दाराशी काढून ठेवतो.

रविवारी बेडकी चौथी आली. संघात निवड झाली. आजीने फोनवरून सगळ्या नातेवाइकांना कळवलं. रविवारच्या ओळीत लिहिलं होतं: आत साडेपाच, बाहेर अकरा. पुढे काही नाही. आता कमी आहे, पॅड पुरेल, असं बेडकी म्हणाली. निवड झालेली मुलगी जेवढी उड्या मारेल तेवढ्या ती मारत नव्हती, पण सिस्टरला वाटलं, दमली असेल.

सोमवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला सिस्टर तो डबा कपाटात ठेवायला गेली. न मोजता काही आत ठेवण्याची तिच्या हाताला सवयच नव्हती. फळ्यावर पाच. ग्लासात बुडवलेला एक. सहा गेले, दहा उरायला हवेत.

डब्यात नऊ होते.

तिने परत मोजले. मग ते पलंगावर ओळीने मांडले आणि सासूबाईंना हाक मारली. "आई, हे किती आहेत?"

"नऊ," सासूबाई म्हणाल्या. "का गं? तुझा चेहरा का असा?"

एक नोंदीत नव्हता, आणि तो अजून आतच असला तर... काल सकाळपासून, तिने मनात हिशेब केला. बेडकी खोलीत वही उघडून बसली होती, आणि पान कोरं होतं. सिस्टर आत गेली. तोंडाशी आलेलं वाक्य 'खोटं लिहिलंस?' असं होतं. नऊच्या नऊ टॅम्पॉन तिच्या हातात होते. पोरीने ते पाहिले आणि तिचे खांदे वर गेले, कोणी मारायला येताना जातात तसे.

ते खांदे सिस्टरने पूर्वी एकदा पाहिले होते, त्या नव्या नर्सचे.

तिने टॅम्पॉन टेबलावर ठेवले आणि खुर्ची ओढून बसली. "गणती चुकली आहे," ती म्हणाली. थिएटरमध्ये म्हणायची त्याच आवाजात, सावकाश. "घाबरायचं नाही. कोणी ओरडणार नाही. आपण आधी शोधू या."

बेडकीने वही मिटली. मग एकदम सगळं आलं. सकाळी साडेपाचला एक घातला होता. नऊला शर्यतीआधी बदलायला गेली. बाहेर मुलींची रांग, कोचबाईंची शिट्टी, तिचं नाव पुकारलं. तिने घाईत नवा घातला. आधीचा काढला की नाही, आठवत नव्हतं. शर्यतीनंतर एक काढला. संध्याकाळी पाहिलं तर दोरा कुठे लागत नव्हता. काढलाच असेल असं वाटलं. नसेल असंही वाटलं. फळ्यावर दोन लिहिले असते तर बाहेरही दोन लिहावे लागले असते.

"म्हणून एकच लिहिला," ती म्हणाली. "आई, मी रात्रभर जागी होते."

सिस्टरने तिच्या कपाळावर हात ठेवला. गार होतं. "उलटी? चक्कर? पोटात दुखतंय? पुरळ कुठे?" बेडकीने चारही वेळा नकारार्थी मान हलवली. सिस्टरने दंडावर, पाठीवर स्वतः बघून घेतलं.

"ठीक. आता तू न्हाणीघरात जा. मी दाराबाहेर उभी आहे. नाही निघाला तर लगेच डॉक्टरबाईंकडे. त्यांना हे रोजचंच आहे, दोन मिनिटांत काढतील."

दार लागलं. सिस्टर दाराला टेकून उभी राहिली. सासूबाई शेजारी स्टूल घेऊन बसल्या.

"हात धुतलेस?"

"हो."

"उकिडवी बस. घाई नाही. श्वास सोड. शौचाला बसल्यावर देतो तसा हलका जोर दे. बोट सरळ वर नको, मागे, कमरेच्या बाजूला."

बराच वेळ गेला. मग, "आई, काहीतरी लागतंय."

"छान. दोन बोटांत धर. हळू."

सिस्टर हजार ऑपरेशनांना उभी राहिली होती, पण त्या दाराबाहेर तिला हाताने काहीच करता येत नव्हतं. सासूबाईंनी तिचं मनगट धरून ठेवलं.

"निघाला," आतून आवाज आला. मग, "शी, वास येतोय."

"येणारच. टाकू नकोस, मला बघायचाय."

दार फटीएवढं उघडलं. कागदात धरलेला तो सिस्टरने उजेडात नीट पाहिला. कापूस अख्खा होता, दोरा अख्खा होता, तुटून काही आत राहिलेलं नव्हतं. तिने दुसऱ्यांदा पाहिलं.

"बरोबर," ती म्हणाली, आणि तिचा जीव भांड्यात पडला. पोरीला जवळ घेऊन ती तिथेच, ओल्या फरशीवर बसली. या खेपेला आता फक्त पॅड, उद्या सकाळी डॉक्टरबाईंना दाखवून यायचं, रात्री मी दोनदा ताप बघणार, असं सगळं ती तिच्या केसांत तोंड घालून सांगत होती. बेडकी हुंदके देत हो हो म्हणत होती.

थोड्या वेळाने बेडकी उठली. तिने फळ्यावरची रविवारची सुबक ओळ बोटाने पुसली आणि तिथे दोन ओळी लिहिल्या. पहिली: आत रविवार नऊ, बाहेर रविवार अकरा. दुसरी: आत रविवार साडेपाच, बाहेर सोमवार सात वाजून पंचवीस. सिस्टरने वजाबाकी केली. जवळजवळ अडतीस तास. तिने परत एकदा पोरीच्या कपाळाला हात लावला.

"तुमच्या थिएटरच्या वहीत अजून एक रकाना असतो ना?" बेडकीने विचारलं. "चूक कोणाचीवाला." आणि तिने फळ्यावर तिसरा रकाना आखला, स्वतःचं नाव लिहायला पेन टेकवलं.

सिस्टरने पेन तिच्या हातातून काढून घेतलं. सवयीने तिचा हात आडवी रेघ ओढायला गेला, आणि थांबला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने त्या रकान्यात काही लिहिलं.

"काय लिहिलंस गं?" चष्मा नसलेल्या सासूबाईंनी स्टुलावरून विचारलं.

बेडकीने वाचून दाखवलं. "शुक्रवारी ओरडली तिची."